हजरत उमर फारूक (रजि.) : क्रोधाला आवर घालणारे जीवन

पिंपरी-चिंचवडपासून भोसरी, मोशीमार्गे चाकणपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यात आज असंख्य मुस्लिम कुटुंबे राहतात. कोणी मराठवाड्यातून, कोणी खानदेशातून, तर कोणी उत्तर प्रदेश-बिहारमधून रोजीरोटीसाठी आलेले आहेत. तीन पाळ्यांचे काम, ठेकेदाराच्या हाताखालची बेभरवशाची नोकरी, एका खोलीचा संसार आणि गावी पाठवायचे पैसे अशा ओढाताणीत दिवस सरतो. कारखान्यात साहेबाचे बोलणे खाली मान घालून ऐकणारा एखादा माणूस घरी येतो आणि पत्नीच्या एका शब्दाने पेटून उठतो. त्याचा हात उठतो. मुले कोपऱ्यात दडतात. शेजाऱ्यांना सारे ऐकू येते, परंतु तो त्यांच्या घरातला मामला आहे असे म्हणून सगळे गप्प राहतात. पुढे केव्हातरी विषय निघालाच तर सांगितले जाते की त्याचा स्वभावच तसा आहे, तो आता बदलायचा नाही.

थकवा आणि तंगी यांना दोष देणे सोपे आहे. परंतु तेवढाच थकवा आणि तेवढीच तंगी सोसणारे हजारो पुरुष घरात कोणावरही हात उगारीत नाहीत. शिवाय जो माणूस साहेबासमोर स्वतःला आवरू शकतो, त्याला राग आवरता येत नाही असे कसे म्हणावे? जिथे आपल्याला कोणी अडविणार नाही असे त्याला वाटते, तिथेच त्याचा राग मोकळा सुटतो. म्हणून खरा प्रश्न असा आहे की अशा माणसाला अडवायचे कोणी, आणि अडविल्यावर त्याने थांबायचे कसे? या प्रश्नाचे उत्तर इस्लामच्या इतिहासातील एका थोर जीवनात सापडते. मक्केतील लोकांनी ज्यांच्याविषयी हा माणूस कधीच बदलणार नाही असे ठरवून टाकले होते, त्या हजरत उमर बिन खत्ताब (रजि.) यांचे हे जीवन होय.

खत्ताब यांच्या घरातील बालपण

हजरत उमर (रजि.) यांचा जन्म मक्केत, कुरैश टोळीच्या बनू अदी घराण्यात झाला. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यापेक्षा ते सुमारे तेरा वर्षांनी लहान होते. वडील खत्ताब अत्यंत कडक स्वभावाचे होते. बालवयात उमर दज्नानच्या माळावर त्यांचे उंट चारीत असत. पुढे खलीफा झाल्यावर एकदा त्याच माळावरून जाताना त्यांनी सोबत्यांना सांगितले की वडील आपल्याला राबवून दमवीत आणि कामात कसूर झाली की मारीत. ज्या घरात मार खाऊनच मोठे व्हायचे, त्या घरातील मुलगा मारणे हीच शिस्त समजू लागतो. आजही हे चक्र आपल्या डोळ्यांसमोर फिरताना दिसते.

याच घराण्यात दुसरा एक वारसाही होता. खत्ताब यांचे पुतणे जैद बिन अम्र हे प्रेषितत्वापूर्वीच मूर्तिपूजा सोडून एकेश्वराच्या शोधात निघालेले गृहस्थ होते. जिवंत पुरल्या जाणाऱ्या मुलींना ते वाचवीत आणि त्यांचा सांभाळ करीत. खत्ताब यांनी त्यांचा इतका छळ केला की त्यांना मक्केबाहेर राहावे लागले. म्हणजे एकाच कुळात कठोरपणाही होता आणि करुणाही. त्यांतले काय उचलायचे हे प्रत्येकाला स्वतः ठरवावे लागते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. हजरत उमर (रजि.) यांनी अज्ञानकाळात स्वतःच्या मुलीला जिवंत पुरले अशी एक कथा भाषणांतून वारंवार सांगितली जाते. तिला कोणताही विश्वसनीय आधार नाही. त्यांच्या पूर्वायुष्यातील कठोरपणा दाखविण्यासाठी अशा कथेची गरजही नाही, कारण सीरतकारांनी जे नोंदविले आहे तेच पुरेसे आहे. बनू अदीच्या एका शाखेतील एका दासीने इस्लाम स्वीकारला, तेव्हा उमर तिला थकेपर्यंत मारीत, आणि थांबले तरी दयेने नव्हे तर दमल्यामुळे थांबलो असे तिला ऐकवीत. अखेर हजरत अबू बक्र (रजि.) यांनी तिला विकत घेऊन मुक्त केले.

त्याच काळात काही मुस्लिम कुटुंबे हबशा देशाकडे हिजरत करण्याच्या तयारीत होती. त्यांपैकी एका महिलेशी उमर नेहमीपेक्षा मृदूपणे बोलले. तिला वाटले की हे कदाचित बदलतील. तिने ही आशा पती आमिर बिन रबीआ (रजि.) यांना बोलून दाखविली, तेव्हा त्यांनी ती हसण्यावारी नेली. खत्ताबचे गाढव एक वेळ इस्लाम स्वीकारील, पण उमर नाही, असे त्यांना वाटत होते. चांगल्या माणसांनीही त्यांच्याविषयीची आशा सोडली होती. आशा धरली ती एका स्त्रीने, आणि अल्लाहपाशी त्यांच्यासाठी दुआ केली ती प्रेषित मुहम्मद (स.) यांनी.

बहिणीच्या दारात

प्रेषितत्वाच्या सहाव्या वर्षी, म्हणजे इ. स. 616 च्या सुमारास, उमर तलवार घेऊन प्रेषितांच्या जिवावर उठून निघाले. वाटेत नुऐम बिन अब्दुल्लाह यांनी त्यांना अडविले आणि आधी स्वतःचे घर पाहा असे सुचविले, कारण त्यांची बहीण फातिमा (रजि.) आणि मेहुणे सईद बिन जैद (रजि.) मुस्लिम झाले होते. हे सईद म्हणजे ज्यांना खत्ताब यांनी छळले त्या जैद यांचेच पुत्र. उमर तिकडे वळले. घरात हजरत खब्बाब (रजि.) त्या दोघांना सूरह ताहा शिकवीत होते. उमर यांनी आत शिरून मेहुण्यावर हात टाकला. बहीण मध्ये पडली, तेव्हा तिलाही असा तडाखा दिला की तिच्या चेहऱ्यावरून रक्त वाहू लागले.

फातिमा (रजि.) यांनी रडून क्षमा मागितली नाही, की तेथून पळही काढला नाही. आम्ही ईमान आणले आहे, आता तुला वाटेल ते कर, असे त्यांनी भावाला ठामपणे सांगितले. बहिणीच्या चेहऱ्यावरील रक्त पाहून उमर ओशाळले. त्यांनी वाचले जात असलेले पान मागितले. बहिणीने ते लगेच हाती दिले नाही. आधी स्नान करून पाक होण्याची अट घातली. जो हात तिच्यावर उठला होता, तोच हात आता तिची अट मानीत होता. पान वाचून हृदय पालटले आणि ते अर्कम (रजि.) यांच्या घरी जाऊन प्रेषितांच्या चरित्रातील एका नव्या पर्वाचे सोबती झाले.

ही घटना आपण मुलांना नेहमी सांगतो. परंतु तिचा एक भाग आपल्याकडून निसटतो. उमर (रजि.) यांच्या परिवर्तनाची सुरुवात त्यांनी घरातील एका स्त्रीला दिलेल्या जखमेकडे डोळे उघडून पाहिले तेव्हा झाली. त्यांनी त्या रक्ताचा दोष बहिणीच्या बोलण्यावर ढकलला नाही. आपल्या कृत्याकडे नजर लावणे ही तौबाची पहिली पायरी आहे.

मदीनेतील नवी शाळा

ईमान एका क्षणात हृदयात उतरते, सवयी मात्र हळूहळू सुटतात. हजरत उमर (रजि.) यांनीच पुढे सांगितले की मक्केतील कुरैशी पुरुष स्त्रियांवर हुकमत गाजवीत, त्यांना काही किंमत देत नसत. हिजरतीनंतर मदीनेत आल्यावर पाहिले तर अन्सारांच्या स्त्रिया पतींना उलट उत्तर देत होत्या आणि कुरैशी स्त्रियाही ते शिकू लागल्या होत्या. एके दिवशी त्यांच्या पत्नीने एका बाबतीत आपले मत सांगितले. ते रागावले. तेव्हा पत्नीने त्यांना विचारले की प्रेषितांच्या पत्नीही त्यांना उत्तर देतात, मग तुम्हालाच ते का खटकते?

उमर (रजि.) तडक आपली कन्या, उम्मुल मोमिनीन हफ्सा (रजि.) यांच्याकडे गेले. हफ्सा यांनी ते खरे असल्याचे सांगितले. मग ते आपल्या नात्यातील उम्मे सलमा (रजि.) यांना समजावण्यास गेले. त्यांनी तर स्पष्टच सुनावले की उमर, तुम्ही प्रत्येक गोष्टीत लक्ष घालता, आता प्रेषित आणि त्यांच्या पत्नी यांच्यामध्येही येणार काय? या बोलण्याने आपला राग बराच ओसरला, असे त्यांनीच नंतर कबूल केले. प्रेषितांना त्यांनी हा सर्व वृत्तान्त सांगितला, तेव्हा प्रेषित स्मित करीत राहिले. त्या दिवसांत स्वतः प्रेषित (स.) पत्नींपासून महिनाभर अलिप्त राहिले होते. घरात नाराजी होती, तरी त्यांनी कोणावर हात उगारला नाही. हजरत आयशा (रजि.) यांची साक्ष आहे की त्यांनी कधी कोणत्याही स्त्रीला किंवा सेवकाला मारले नाही.

आणखी एक प्रसंग हदीसमध्ये आला आहे. प्रेषितांनी अल्लाहच्या दासींना मारू नका अशी मनाई केली. त्यावर हजरत उमर (रजि.) यांनी येऊन सांगितले की स्त्रिया पतींपुढे धीट झाल्या आहेत. तेव्हा काहीशी सवलत मिळाली. परिणाम काय झाला? सुमारे सत्तर स्त्रिया पतींच्या तक्रारी घेऊन प्रेषितांच्या घरी आल्या. प्रेषितांनी त्यांना परत पाठविले नाही, की खोटेही ठरविले नाही. असे पती तुमच्यातील उत्तम लोक नव्हेत, हे त्यांनी साऱ्या समाजाला जाहीरपणे सांगितले. या प्रसंगात दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. स्त्रियांना जाऊन बोलता येईल असे एक दार मदीनेत उघडे होते. आणि ज्या पुरुषांची तक्रार आली, त्यांच्या प्रतिष्ठेला समाजाने पाठीशी घातले नाही.

न्यायापुढे मौन

हजरत उमर (रजि.) यांनी जमीला (रजि.) या अन्सारी पत्नीस तलाक दिला होता. त्यांच्यापासून झालेला आसिम नावाचा मुलगा लहान होता. एकदा कुबा येथे मशिदीच्या अंगणात तो खेळताना दिसला, तेव्हा उमर यांनी त्याला उचलून आपल्या वाहनावर बसविले. मुलाच्या आजीने त्यांना अडविले. वाद खलीफा अबू बक्र (रजि.) यांच्यापुढे गेला. एकीकडे एक वृद्ध आजी, दुसरीकडे खलीफाचे सर्वांत निकटचे सहकारी. निर्णय आजीच्या बाजूने झाला, आणि हजरत उमर (रजि.) यांनी त्यावर एक शब्दही उच्चारला नाही. तलाकनंतर मुलांच्या ताब्यावरून होणारी आजची भांडणे पाहिली म्हणजे या मौनाचे मोल कळते.

पुढे त्यांचा विवाह आतिका बिन्ते जैद (रजि.) यांच्याशी झाला. त्या फजर आणि इशाच्या नमाजसाठी मशिदीत जात. पतीला हे फारसे रुचत नाही हे त्यांना माहीत होते. परंतु अल्लाहच्या दासींना मशिदीपासून रोखू नये अशी प्रेषितांची शिकवण असल्यामुळे उमर (रजि.) यांनी त्यांना कधीही अडविले नाही. स्वतःची आवड एका बाजूस ठेवून पत्नीचा हक्क मानणे, हे त्यांनी घरातच साधले होते.

खलीफा आणि घराघरांतील हक्क

हिजरी 13 मध्ये, इ. स. 634 साली, खिलाफतीची जबाबदारी आली, तेव्हा त्यांनी अल्लाहपाशी पहिली याचना केली ती आपण कठोर आहोत, आपल्याला मृदू कर, अशी. जो आपला दोष जाहीरपणे ओळखतो, त्यालाच इतरांची मदत मिळू शकते.

तरीही पूर्वीची कीर्ती सहजी पुसली जात नाही. इतिहासकार तबरी यांनी नोंदविले आहे की खलीफा असताना त्यांनी हजरत अबू बक्र (रजि.) यांची कन्या उम्मे कुल्सूम यांना मागणी घातली. त्या मुलीने त्यांचे राहणे खडतर आहे आणि ते स्त्रियांशी कडक वागतात असे म्हणून नकार दिला. एवढ्या मोठ्या साम्राज्याच्या शासकाने तो नकार स्वीकारला. मुलीवर दबाव आला नाही, तिच्या घराला त्रास झाला नाही.

त्यांच्या सल्लागार मंडळात कुरआनचे जाणकार असत, मग ते वृद्ध असोत की तरुण. त्यांत हुर्र बिन कैस हे एक होते. एकदा त्यांचे चुलते उयैना भेटीस आले आणि खलीफावर अन्यायाचा आरोप करू लागले. उमर (रजि.) संतापून त्यांना मारण्याच्या बेतात होते. इतक्यात हुर्र यांनी क्षमाशीलता आणि अज्ञानी लोकांकडे दुर्लक्ष करण्याविषयीच्या आयतीची आठवण करून दिली. उमर (रजि.) जागच्या जागी थांबले. अल्लाहच्या ग्रंथापुढे तत्काळ थांबणारा माणूस, अशीच त्यांची ओळख झाली होती. राग त्यांना त्या वयातही येत असे. फरक एवढाच होता की आता जवळ अडविणारा होता, आणि अडविणाऱ्याला जवळ बसविणारे ते स्वतः होते.

एकदा वाटेत एका वृद्ध महिलेने त्यांना थांबविले आणि बराच वेळ उपदेश केला. सोबतच्यांना ते विचित्र वाटले. उमर (रजि.) यांनी सांगितले की या खौला बिन्ते सअलबा (रजि.) आहेत, ज्यांची तक्रार अल्लाहने सात आकाशांवरून ऐकली. खौला यांचे पती औस (रजि.) वृद्धापकाळी चिडखोर झाले होते. त्यांनी रागाच्या भरात पत्नीला आईसमान ठरवून टाकले. खौला तक्रार घेऊन प्रेषितांकडे गेल्या आणि सूरह मुजादलाच्या आयती अवतरल्या. गुलाम मुक्त करावा, ते शक्य नसल्यास दोन महिने सलग रोजे ठेवावेत, तेही न जमल्यास साठ गरिबांना जेवू घालावे, असे प्रायश्चित्त ठरले. औस यांच्यापाशी काहीच नव्हते. तेव्हा प्रेषितांनी खजुरांची एक टोपली दिली आणि खौला यांनी दुसरी. समाजाने त्या पुरुषाला जबाबदारीतून सोडले नाही, आणि ती पार पाडण्यासाठी एकटेही टाकले नाही.

प्रजेच्या घरातील दुःखही ते जबाबदारीने ऐकत. एका रात्री गस्त घालताना दीर्घकाळ मोहिमेवर असलेल्या शिपायाच्या पत्नीचे विरहाचे बोल कानी पडले. त्यांनी कन्या हफ्सा (रजि.) यांना विचारून सैनिकांना घरापासून दूर ठेवण्याची मुदत ठरवून दिली. वृत्तान्तांत ती चार ते सहा महिन्यांची सांगितली आहे. दुसऱ्या एका रात्री एक मूल सारखे रडत होते. चौकशी केली तेव्हा कळले की खलीफा दूध सुटलेल्या मुलांनाच भत्ता देतात म्हणून आई त्याचे दूध वेळेआधीच तोडीत आहे. फजरच्या नमाजात त्यांना रडू आवरेना. त्याच दिवशी त्यांनी जन्मापासूनच भत्ता देण्याचा हुकूम काढला.

अखेरची परवानगी

हिजरी 23 च्या जिलहिज्जा महिन्यात, म्हणजे इ. स. 644 मध्ये, फजरच्या नमाजात त्यांच्यावर खंजिराचे वार झाले. मृत्युशय्येवर त्यांनी पुत्र अब्दुल्लाह (रजि.) यांना हजरत आयशा (रजि.) यांच्याकडे पाठविले आणि त्यांच्या हुजऱ्यात, प्रेषितांजवळ दफन होण्याची परवानगी मागितली. निरोप देताना आपला उल्लेख अमीरुल मोमिनीन असा करू नये, केवळ उमर म्हणावे, अशी सूचना दिली. परवानगी मिळाली. तरीही त्यांनी बजावले की जनाजा दाराशी नेल्यावर पुन्हा एकदा विचारा, आणि नकार मिळाल्यास मला सार्वजनिक कब्रस्तानात न्या. आपल्या अधिकाराच्या दडपणाखाली एका स्त्रीने होकार दिला असेल तर तो होकार नव्हे, ही जाणीव त्यांना अखेरच्या घटकेलाही होती. ज्या हाताने एके काळी बहिणीला रक्तबंबाळ केले होते, त्या हाताचा धनी जगातून जाताना एका स्त्रीच्या दारी दोनदा परवानगी मागून गेला.

आपल्या वस्तीसाठी

या जीवनातून एक गोष्ट स्पष्ट होते. हजरत उमर (रजि.) एकट्याच्या निर्धाराने बदलले नाहीत. बहिणीचा ठामपणा, पत्नीचा प्रश्न, उम्मे सलमा यांचे खडे बोल, अबू बक्र यांचा निकाल, हुर्र यांनी वेळेवर स्मरविलेली आयत, या सर्वांनी त्यांना घडविले. आकुर्डी, चिखली, कुदळवाडी किंवा चाकणमधील मशिदीभोवती अशी माणसे उभी करणे आपल्याला अशक्य नाही.

या पट्ट्यातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते. त्या दिवशी इशानंतर तासभर पुरुषांनी एकत्र बसावे. घरातील राग, पैशाची चणचण, मुलांशी वागणूक यांवर मोकळेपणाने बोलावे आणि पुढील आठवड्यात एकमेकांना विचारावे. मुंबईत 1993 पासून मावा ही संस्था पुरुषांमध्येच अशा प्रकारचे काम करीत आहे. जे काम इतरांना साधते, ते ज्यांच्या हाती कुरआन आणि सुन्नतचा ठेवा आहे त्यांना का साधू नये? निकाहच्या आधी मुलाला मेहर आणि मेजवानीइतकीच पत्नीच्या हक्कांचीही माहिती द्यावी. दुरावा वाढल्यास कुरआनने सांगितल्याप्रमाणे दोन्ही घरांतून एकेक पंच नेमावा, आणि तो पंच पतीच्या मित्रांपैकी हांजी हांजी करणारा नसावा.

मात्र जिथे मारहाण होत आहे, तिथे आधी स्त्री आणि मुले सुरक्षित झाली पाहिजेत, समेटाची बोलणी नंतर. तिच्यावर सबुरीचा उपदेश लादून तिला त्याच खोलीत परत धाडणे म्हणजे त्या सत्तर स्त्रियांना दारातून परत पाठविण्यासारखे आहे. तिला बोलता येईल असे एक दार प्रत्येक वस्तीत हवे, आणि ते उघडणाऱ्या जाणत्या महिला हव्यात. 2005 चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आणि 181 ही महिला मदतवाहिनी मुस्लिम स्त्रीसाठीही आहे. तिने त्यांचा आधार घेतला तर तिने समाजाची अब्रू घालविली असे कोणी म्हणू नये. अब्रू हात उगारणाऱ्याने घालविलेली असते.

आणि ज्याच्या हातून हे घडत आहे, त्या भावाने निराश होऊ नये, तसेच सबबीही सांगू नयेत. ज्यांच्याविषयी चांगल्या माणसांनी आशा सोडली होती, ते फारूक झाले. त्यासाठी आपण दिलेल्या जखमेकडे पाहावे लागते, आणि अडविणारा जवळ आला की थांबावे लागते. अल्लाह आमच्या हातांना आणि जिभांना आवर घालण्याचे सामर्थ्य देवो, आमच्या घरांना शांतीची घरे बनवो आणि आम्हाला सत्य ऐकून थांबणाऱ्यांत सामील करो. आमीन.